लुइझियानाचे खरेदीखत

इ. स. १८०३ हे साल आम्हां महाराष्ट्रीयांच्या मनात एकाच रीतीने घर करून बसले आहे. आदल्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह पत्करला. पुढच्या ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला पडला, सप्टेंबरात असईची लढाई झाली, आणि डिसेंबर सरता सरता देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथील तहांनी भोसले आणि शिंदे यांचे हातपाय बांधले गेले. या सालाचे पान उलटताना आमचा हात अजूनही जड होतो. परंतु त्याच साली, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, स्वातंत्र्य मान्य होऊन जेमतेम वीस वर्षे झालेल्या एका राष्ट्राने एक गोळीही न झाडता आपला मुलूख दुप्पट करून घेतला. तलवारीने नव्हे, तर खरेदीखताने.

जमिनीचे खत म्हटले की आपल्याकडचा अडाणी शेतकरीसुद्धा तीन गोष्टी आधी विचारतो. चतुःसीमा काय? मोबदला किती आणि तो पोचला कसा? आणि लिहून देणाराची मालकी निर्वेध होती काय? वकिलाच्या घरची पायरी न चढताही त्याला एवढे कळते. आजच्या विषयाकडे आम्ही याच शेतकऱ्याच्या नजरेने पाहणार आहोत; कारण मोठमोठ्या इतिहासग्रंथांतून ज्या व्यवहाराचे गोडवे गाइले जातात, त्याला हे तीन साधे प्रश्न विचारले की चित्र थोडे निराळे दिसू लागते.

प्रथम अडचण काय होती ती पाहू. १७८३ च्या तहाने अमेरिकेची पश्चिम सीमा मिसिसिपी नदीवर येऊन थांबली. अ‍ॅपलेशियन डोंगर ओलांडून केंटकी, टेनेसी, ओहायो या भागांत जाऊन राहिलेल्या शेतकऱ्यांना आपला माल डोंगरावरून पूर्वेस आणणे परवडत नसे. पीठ, खारवलेले डुकराचे मांस, तंबाखू, व्हिस्की जे काही असेल ते सपाट तराफ्यांवर लादावे, प्रवाहाबरोबर शेकडो मैल खाली सोडावे आणि नदीच्या मुखाजवळ न्यू ऑर्लिन्स येथे उतरवून समुद्रावरील जहाजांत चढवावे, हीच त्यांची वहिवाट. पण न्यू ऑर्लिन्स परक्याचे! म्हणजे शेत आपले, खळे आपले, आणि गाडीवाट मात्र शेजाऱ्याच्या अंगणातून. शेजारी जोवर दुबळा स्पेन होता तोवर निभत होते. १७९५ च्या करारान्वये माल उतरवण्याचा हक्कही मिळाला होता. पण १ ऑक्टोबर १८०० रोजी स्पेनने एका गुप्त तहाने हा सारा प्रांत फ्रान्सला परत देण्याचे कबूल केले आणि शेजारी म्हणून नेपोलियन येणार अशी कुणकुण लागली. त्यातच १८०२ च्या ऑक्टोबरात न्यू ऑर्लिन्समधील स्पॅनिश अधिकाऱ्याने माल उतरवण्याचा हक्क काढून घेतला. पश्चिमेकडचे शेतकरी बंदुका साफ करू लागले.

अध्यक्षपदी टॉमस जेफर्सन होता. स्वभावाने लढाईचा तिटकारा, पुस्तकांचा आणि वनस्पतींचा शौक, आणि राज्यघटनेच्या बाबतीत कमालीचा सोवळा. त्याने पॅरिसमधील वकील रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यास न्यू ऑर्लिन्स शहर विकत मागण्यास सांगितले, आणि मदतीला जेम्स मन्रो यास रवाना केले. लिव्हिंग्स्टन कानांनी अधू होता, फ्रेंचही बेताचेच. तो महिनोन्‌महिने तालेरांच्या दारी खेटे घालीत होता आणि तो धूर्त मंत्री त्याला गोडगोड बोलून वाटेला लावीत होता. मग एकाएकी ११ एप्रिल १८०३ रोजी तालेरांनेच विचारले, की सगळा लुइझियाना दिला तर काय द्याल? मागणारा एक खोली मागत होता, घरमालक वाडाच गळ्यात घालू लागला. मन्रो दुसऱ्या दिवशी पॅरिसला पोचला.

हे कसे झाले? नेपोलियनला अमेरिकेचा पुळका आला होता काय? मुळीच नाही. याचे उत्तर लुइझियानात नाही, कॅरिबियन समुद्रातील सां-दोमिंग या बेटावर आहे. साखर आणि कॉफी यांच्या मळ्यांवर फ्रान्सने तेथे अपार पैसा मिळवला होता. तो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर. १७९१ साली हे गुलाम उठले. त्यांच्यातूनच पुढे आलेला तूसां लूव्हर्तूर हा पुरुष बेटाचा कारभारी झाला. त्याला नमवण्यासाठी नेपोलियनने आपला मेहुणा जनरल लक्लेर याच्याबरोबर प्रचंड फौज पाठवली. बोलणी करण्याच्या मिषाने तूसांला बोलावून दग्याने कैद करण्यात आले, आणि १८०३ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील एका गारठलेल्या डोंगरी किल्ल्यात तो मेला. पण त्याच्या माणसांनी हत्यार खाली ठेवले नाही आणि पिवळ्या तापाने फ्रेंच फौज कापून काढली. खुद्द लक्लेर १८०२ च्या नोव्हेंबरात त्याच तापाने गेला. लुइझियाना हवा होता तो या बेटाला धान्य आणि लाकूड पुरवण्यासाठी. बेटच हातचे गेले तर कोठार घेऊन काय करायचे? शिवाय इंग्लंडशी पुन्हा युद्ध जुंपणार हे उघड होते. युद्ध लागताच इंग्रज आरमार न्यू ऑर्लिन्स गिळणार. त्यापेक्षा विकून रोकड केलेली बरी, हा सरळ व्यापारी हिशेब. नेपोलियनचा भाऊ लूसियां याने आपल्या आठवणींत एक मजेदार प्रसंग लिहून ठेवला आहे. हा सौदा करू नये म्हणून दोघे भाऊ सांगायला गेले तेव्हा स्वारी न्हाणीत टबात बसली होती. वादावादी वाढली आणि नेपोलियनने उसळी मारून त्यांना नखशिखांत भिजवले. फ्रान्सच्या प्रतिनिधिगृहांची संमती घेण्याचा विषय अशा रीतीने निकालात निघाला!

अमेरिकेचे आजचे अर्धे-अधिक वैभव ज्या व्यवहारावर उभे आहे, तो व्यवहार घडवून आणला तो हैतीच्या गुलामांनी, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १ जानेवारी १८०४ रोजी ते स्वतंत्र झाले. अमेरिकेने त्यांना राष्ट्र म्हणून मान्यता दिली ती १८६२ साली.

आता मोबदला. फ्रान्सच्या बाजूने सौदा केला तो खजिन्याचा मंत्री बार्बे-मार्ब्वा याने. हा पूर्वी अमेरिकेत फ्रेंच वकिलातीत होता आणि त्याची बायकोही अमेरिकन होती. आकडा शंभर दशलक्ष फ्रँकांपासून खाली येत ऐंशी दशलक्षांवर तुटला. त्यांपैकी साठ दशलक्ष फ्रान्सला रोख आणि उरलेले वीस दशलक्ष फ्रान्सकडून अमेरिकन व्यापाऱ्यांचे जे येणे होते ते भागवण्यासाठी. डॉलरांत दीड कोटी. तहावर तारीख ३० एप्रिल १८०३. क्षेत्र सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सात पट, आणि एकरी दर सुमारे तीन सेंट. मन्रो आणि लिव्हिंग्स्टन यांना एवढ्या खरेदीचा अधिकारच नव्हता. त्यांना शहर आणि फ्लॉरिडा यांपुरती मुभा होती; पण वॉशिंग्टनला विचारून उत्तर यायला महिने लागत. त्यांनी सही ठोकली.

पैसा मात्र अमेरिकेच्या तिजोरीत नव्हता. तो उभा केला ॲमस्टरडॅमची होप आणि लंडनची बेअरिंग या दोन पेढ्यांनी. अमेरिकेने सहा टक्के व्याजाचे रोखे काढले, पेढ्यांनी ते कसर कापून नेपोलियनकडून घेतले आणि त्याला रोकड पोचवली. सही होऊन महिना उलटतो न उलटतो तोच इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटले होते. तरी लंडनची पेढी शत्रूच्या खजिन्यात पैसा भरतच राहिली, आणि इंग्रज सरकारने त्याकडे काणाडोळा केला, कारण लुइझियाना फ्रान्सकडे राहण्यापेक्षा अमेरिकेकडे गेलेला त्यांना हवा होता. या पेढीचा धनी सर फ्रान्सिस बेअरिंग हा दहा वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन होता. सावकारी पेढीला दोन्ही गोलार्ध सारखेच.

आणि चतुःसीमा? हा तर विनोदच आहे. स्पेनकडून फ्रान्सला मिळाला तितका मुलूख, एवढेच तहात लिहिले होते. नेमकी सीमा कोणती असे विचारता तालेरांने खांदे उडवले आणि सौदा चांगला झाला आहे, त्याचा लाभ तुम्ही करून घ्यालच, अशा अर्थाचे काही बोलून विषय मिटवला. उत्तरेस कोठवर, पश्चिमेस कोणत्या डोंगरापर्यंत, हे ना घेणाऱ्याला ठाऊक ना देणाऱ्याला. जेफर्सनने काँग्रेसला जी माहिती सादर केली तीत मिसूरीकाठी १८० मैल लांब आणि ४५ मैल रुंद असा शुद्ध मिठाचा डोंगर असल्याचा उल्लेख होता. विरोधी वृत्तपत्रांनी त्या मिठावर महिनाभर आपली चूल चालवली.

पण जेफर्सनला खरी टोचणी निराळीच होती. मध्यवर्ती सरकारला घटनेत लिहून दिलेत तेवढेच अधिकार, त्याहून तसूभरही अधिक नाहीत, हे मत त्याने जन्मभर मांडले होते. घटनेत परका मुलूख विकत घेण्याचा अधिकार कोठेही लिहिलेला नव्हता. त्याने घटनादुरुस्तीचे मसुदे केले. तेवढ्यात पॅरिसहून पत्रे आली, की नेपोलियनचे मन पालटू लागले आहे, उशीर करू नका. मसुदे बासनात गेले. या अडचणीचा उच्चार जितका कमी होईल तितका बरा, असे त्याने आपल्या सहकाऱ्यांना कळवले. सेनेटने २० ऑक्टोबर १८०३ रोजी २४ विरुद्ध ७ मतांनी तह संमत केला. आम्हांला यात जेफर्सनचा ढोंगीपणा दिसत नाही. आयुष्यभर काटेकोर नियम पाळणाऱ्या माणसासमोर एकदाच सारे भाग्य उघडे पडते आणि तो डोळे मिटून पुढे पाऊल टाकतो, तसे ते होते. परंतु त्या दिवशी जो पायंडा पडला तो पडला. त्याच्यामागून आलेल्या अध्यक्षांना डोळे मिटण्याचीही गरज वाटली नाही.

घर घेतले, आता ते पाहायला कोणी तरी जायला हवे. खरे तर ही तयारी खरेदीच्या आधीपासून चालू होती. अलेक्झांडर मॅकेन्झी या स्कॉटिश व्यापाऱ्याने १७९३ साली कॅनडातून पॅसिफिक महासागर गाठला होता. त्याचे पुस्तक वाचून जेफर्सन बेचैन झाला. १८ जानेवारी १८०३ रोजी, म्हणजे लुइझियाना परक्याच्या ताब्यात असतानाच, त्याने काँग्रेसकडे गुप्तपणे अडीच हजार डॉलर मागितले. हेतू असा, की मिसूरी नदीच्या उगमापर्यंत जावे, मधला डोंगर ओलांडावा आणि पलीकडच्या नदीने समुद्रास पोचावे. हा डोंगर एका दिवसात ओलांडता येईल अशी सर्वांची समजूत होती. जेफर्सनचे स्वतःचे पाऊल व्हर्जिनियाच्या डोंगराळ टोकापलीकडे कधी पडले नाही. पश्चिम त्याने पाहिली ती ग्रंथालयात.

मुखत्यार नेमला तो आपला खाजगी चिटणीस मेरिवेदर लुईस, वय २८. त्याला फिलाडेल्फियास पाठवून वैद्यक, वनस्पतिशास्त्र, नक्षत्रवेध यांचे धडे देववले. सामानात १९३ पौंड आटवून वाळवलेला मांसरस होता, पाऱ्याच्या जालीम रेचक गोळ्या होत्या, भेटीदाखल द्यायची अध्यक्षाची छबी असलेली पदके होती. आणि ४ जुलै १८०३ ची जेफर्सनच्या सहीची एक अमर्याद रकमेची हुंडी होती, जी पृथ्वीवरील कोणाही व्यापाऱ्याने वटवावी. पुढे कोलंबिया नदीच्या मुखाशी भर पावसात कुडकुडत बसलेल्या या मंडळींजवळ ती हुंडी शाबूत होती. वटवायला एकही जहाज आले नाही, आणि तेथल्या लोकांना कागद नको होता, निळे मणी हवे होते.

लुईसने जोडीदार म्हणून आपला जुना सहकारी विल्यम क्लार्क यास बोलावले. त्याला कॅप्टनचा दर्जा देण्याचे वचन होते. सरकारने धाडली लेफ्टनंटची सनद. लुईसने ती गोष्ट दडपून टाकली आणि माणसांसमोर अखेरपर्यंत त्याला कॅप्टनच म्हटले. सरकारने ही चूक सुधारली ती २००१ साली, क्लार्कला वारून १६२ वर्षे झाल्यावर! दफ्तरदिरंगाई ही केवळ आपल्याच मातीतील उपज आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१४ मे १८०४ रोजी ५५ फुटी नौका आणि दोन होड्या मिसूरीच्या उलट्या प्रवाहात शिरल्या. वल्ही मारावी, बांबू रेटावा, नाही तर काठावरून दोर खांद्याला लावून ओढावे. ऑगस्टात सार्जंट चार्ल्स फ्लॉइड पोटाच्या विकाराने गेला, बहुधा आंत्रपुच्छ फुटून. सबंध मोहिमेत मेलेला हा एकच माणूस. सप्टेंबरात टेटन सू, म्हणजे लकोटा, या बलाढ्य लोकांशी गाठ पडली. नदीवरील व्यापार त्यांच्या मुठीत होता. तुमचा नवा 'बाप' आता वॉशिंग्टनला आहे हे लुईसचे भाषण त्यांनी ऐकून घेतले आणि होडीचा दोर धरून ठेवला. धनुष्यांना बाण लागले, तोफेची वात सज्ज झाली. पण दोन्ही बाजूंनी विवेक राखला. ज्यांची जमीन पॅरिसमध्ये विकली गेली होती, त्यांना खरेदीची वार्ता ही अशी कळली.

हिवाळा काढला तो मॅन्डन लोकांच्या गावांजवळ. तेथे मॅन्डन व हिदात्सा यांची मातीच्या घुमटाकार घरांची पाच गावे होती. पारा शून्याखाली चाळीस अंशांवर जाई. या काळात तुकडी जगली ती मॅन्डन बायकांनी पिकवलेल्या मक्यावर. मोबदल्यात तुकडीतील लोहार कुऱ्हाडी घडवून देई. येथेच शार्बोनो नावाचा फ्रेंच फिरस्ता दुभाष्या म्हणून कामास लागला, आणि त्याच्याबरोबर त्याची सोळा-सतरा वर्षांची बायको सकागाविया. ही जन्माने शोशोनी. लहानपणी हिदात्सांनी धाड घालून तिला पळवून आणले होते. ११ फेब्रुवारी १८०५ रोजी तिला मुलगा झाला, आणि एप्रिलात ते तान्हे पोर पाठीशी बांधून ती महासागराच्या वाटेला लागली.

१२ ऑगस्ट १८०५ रोजी लुईस डोंगराच्या धारेवर चढला. पलीकडे खाली उतरत जाणारी मोठी नदी दिसेल या आशेवर दोन वर्षे काढली होती. दिसल्या त्या डोंगरांमागे डोंगर अशा बर्फाच्छादित रांगा. युरोपातील नकाशाकारांनी शतकभर जोपासलेला जलमार्ग त्या क्षणी संपला. त्याच धारेवर लुइझियानाची हद्दही संपत होती. पुढची भूमी कोणत्याच खतात नव्हती. आता घोडे हवेत, आणि घोडे होते शोशोनींजवळ. पाच दिवसांनी क्लार्कची तुकडी येऊन मिळाली. बोलणी सुरू झाली ती अशी: शोशोनी बोलीतून सकागाविया हिदात्सांत सांगणार, शार्बोनो ते फ्रेंचमध्ये, आणि तिसरा कोणी इंग्रजीत. ती बोलायला बसली, तिने नायकाच्या तोंडाकडे पाहिले आणि ती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. तो तिचा भाऊ कामेआवेट होता. रडू आवरून ती पुन्हा दुभाषीपण करायला बसली. मध्येच पुन्हा रडू फुटे. तिच्या घरची बहुतेक माणसे मेल्याचे तिला तेव्हाच कळले. घोडे मिळाले. ती मात्र भावापाशी राहिली नाही, पुढे निघाली. का, हे तिला कोणी विचारले नाही, विचारले असेल तर लिहिले नाही. साऱ्या रोजनिशांत तिच्या मनातले एक वाक्य सापडेल तर शपथ!

एका दिवसाचा म्हणून कल्पिलेला डोंगर ओलांडण्यास सप्टेंबरात अकरा दिवस लागले. बर्फ पडले, शिकार मिळेना, बरोबरची शिंगरे मारून खाल्ली, वाळवलेला मांसरस आणि शेवटी मेणबत्त्या. पलीकडे नेझ पर्स लोकांनी त्यांना कंद आणि वाळवलेले मासे खाऊ घातले. या अर्धमेल्या लोकांना मारून बंदुका हिसकावणे सहज शक्य होते; पण पूर्वी गोऱ्यांनी दयेने वागवलेल्या एका म्हातारीने यांना इजा करू नका असे सांगितले, अशी त्यांच्यात परंपरागत कथा आहे. त्यांनी घोडेही हिवाळाभर सांभाळले. नोव्हेंबरात तुकडी कोलंबियाच्या मुखाशी पोचली. तळ कोठे द्यायचा यावर मते घेतली, तेव्हा क्लार्कचा काळा गुलाम यॉर्क यानेही मत दिले आणि सकागावियाचेही विचारले गेले. क्लॅट्सप किल्ल्यात १०६ दिवस मुक्काम, त्यांत पावसाविना गेलेले दिवस बारा. कोकणातील मंडळींस हे विशेष वाटणार नाही.

२३ सप्टेंबर १८०६ रोजी तुकडी सेंट लुईसला परतली. वाटेत ब्लॅकफूट लोकांशी एक रक्तरंजित चकमक झाली, आणि एका अधू डोळ्यांच्या शिकाऱ्याने झुडपातल्या लुईसला हरीण समजून त्याच्या बैठकीवरच गोळी मारली, हे जाता जाता सांगतो. शिपायांना दुप्पट पगार आणि प्रत्येकी ३२० एकर जमीन मिळाली, दोघा नायकांना प्रत्येकी १,६०० एकर. शार्बोनोला पाचशे डॉलर. सकागावियाला काही नाही, यॉर्कलाही नाही. यॉर्कने आपली बायको लुइव्हिलला आहे, मला मुक्त करा किंवा तेथे कामास ठेवा, अशी विनवणी केली. क्लार्कने त्याला मार दिल्याचे क्लार्कच्याच पत्रांतून फार उशिरा उजेडात आले. मुक्तता मिळाली ती निदान दहा वर्षांनी. लुईसचा शेवट १८०९ साली रानातल्या एका खाणावळीत बंदुकीच्या गोळ्यांनी झाला. बहुधा आपल्याच हाताने.

राहिला तिसरा प्रश्न, मालकीचा. नेपोलियनने स्पेनला हा मुलूख तिसऱ्या कोणास न देण्याचे वचन दिले होते, ते मोडले. पण स्पेन काय आणि फ्रान्स काय, सेंट लुईस आणि न्यू ऑर्लिन्स सोडले तर त्यांचा तेथे ताबा होताच कोठे? कोलंबसाच्या भुलीमुळे ज्यांना आमचेच नाव चिकटले ते लोक तेथे राहत होते, आणि त्यांची सही त्या खतावर नव्हती. अमेरिकेने दीड कोटी डॉलरांत जमीन घेतली नाही. ती जमीन तिच्या धन्यांकडून आपणच घ्यावी, दुसऱ्या युरोपियनाने घेऊ नये, एवढा हक्क घेतला. तो वजावण्याचे काम पुढे सत्तर-ऐंशी वर्षे चालले, कोठे तहाने, कोठे तोफेने. मॅन्डन गावांत १८३७ साली आगबोटीबरोबर देवी आल्या, आणि मक्यावर तुकडीला जगवणाऱ्या त्या लोकांतील शे-सव्वाशे माणसे उरली. नेझ पर्सांना १८७७ साली अमेरिकन फौजेने हजाराहून अधिक मैल पाठलाग करून पकडले.

लकोटांचे ब्लॅक हिल्स हे डोंगर याच खरेदीच्या मुलखात येतात. १८६८ च्या तहाने ते त्यांचेच असल्याचे सरकारने लिहून दिले होते. सोने सापडल्यावर १८७७ साली ते काढून घेतले. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घेणे भरपाई न देता झाले असे ठरवून व्याजासह दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देवविली. लकोटांनी सांगितले, की डोंगर विकायचे नाहीत. ती रक्कम सरकारी खजिन्यात पडून आहे. व्याज चढत चढत ती शंभर कोटींच्या वर गेली, आणि अद्याप त्यांनी ती उचललेली नाही.